नखावरचा रंग, मनगटावरचा वास

नेलपेंटची बाटली तळापर्यंत क्वचितच संपते. बहुतेक अर्ध्यावर घट्ट होतात, झाकण गळ्याशी चिकटून बसतं आणि मग त्या कपाटात नुसत्या उभ्या राहतात. त्यामुळे आवडीची शेड कोणती, असं कुणी विचारलं की मी संपलेल्या बाटल्या आठवते. डाळिंबी संपली, पुन्हा आणली, पुन्हा संपली. विटकरी संपली, ती तुळशीबागेतली, कंपनीचं नाव केव्हाच पुसलं गेलेली. अगदी फिकट गुलाबी, जिचे दोन हात दिले तरी नखाच्या मुळाशी असलेली चंद्रकोर दिसत राहते, तीही संपली. निळ्या, हिरव्या, चंदेरी उरल्या. त्या मला बाटलीत आवडतात, हातावर नाही.

०

डाळिंबीबद्दल थोडं अजून. सावलीत काळी वाटावी आणि उन्हात आतला लाल उजळावा, अशी हवी. पाश्चात्त्य फॅशनमध्ये हा रंग शनेलच्या ‘रूज न्वार’नं १९९४च्या सुमारास गाजवला. आपल्याकडे इरकलीच्या आणि खणाच्या काठांत तो कितीतरी आधीपासून आहे, आणि सावळ्या हाताजवळ तो किती खुलतो हे विणकरांना चांगलं ठाऊक होतं. गोऱ्या हातांसाठी ठरवलेल्या शेड्स आपल्या दुकानांत अजून ढिगानं येतात. ज्या गुलाबीत पांढरा जास्त, ती सावळ्या बोटांवर उपरी दिसते. त्याच गुलाबीत थोडा तपकिरी किंवा आमसुली अंश आला, की रंग नखाचाच होऊन जातो.

दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये शेड ठरवू नये. अंगठ्याच्या नखावर एक हात द्यावा, बाहेर येऊन उन्हात बघावं, मग पैसे द्यावेत. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावं.

०

नेलपेंट लावताना खोलीभर पसरणारा तो उग्र-गोड वास इथिल आणि ब्युटिल अॅसिटेटचा. या द्रावकांत नायट्रोसेल्युलोज विरघळवलेलं असतं. द्रावक उडून गेले की नायट्रोसेल्युलोजचा पातळ, चकचकीत पापुद्रा नखावर राहतो आणि रंग त्यात अडकून बसतो. हे नायट्रोसेल्युलोज म्हणजे कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ. बंदुकीच्या धूरविरहित दारूचा आणि जुन्या सिनेमाच्या फिल्मचा सख्खा नातेवाईक. १९२०च्या दशकात मोटारींना हाच लॅकर मारत. क्युटेक्सनं १९१७ साली बाटलीतलं पातळ नेलपॉलिश बाजारात आणलं. १९३२ साली रेव्हलॉन सुरू झाली आणि तिनं पारदर्शक रंगाऐवजी अपारदर्शक रंगद्रव्यं वापरली. आज आपण ज्याला नेलपेंट म्हणतो, नख पूर्ण झाकणारं, दाट, ते तिथून आलं.

परफ्यूमचंही मर्म हेच आहे. वाहून नेणारा उडून जातो, नेलेलं मागे राहतं. तिथे अॅसिटेट, इथे अल्कोहोल. म्हणून बाटलीच्या तोंडाशी नाक नेऊन परफ्यूमची परीक्षा करू नये. तिथे भेटतं ते अल्कोहोल आणि लिंबू-संत्र्याच्या जातीचे पहिल्या दहा मिनिटांचे वास. खरा परफ्यूम दुपारी कळतो.

०

नेलपेंट घट्ट झालं की त्यात रिमूव्हर ओतणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. ओतू नका. अॅसिटोननं पापुद्रा ठिसूळ होतो, लावलेला रंग लवकर टवका धरून निघतो. थिनर वेगळा मिळतो, त्यात तेच अॅसिटेट असतात. दोन-तीन थेंब पुरतात. आणि बाटली बंद करण्यापूर्वी गळ्यावरचा रंग पुसून घ्यावा. एवढं केलं तरी बाटलीचं आयुष्य पुष्कळ वाढतं.

०

स्वयंपाक करणाऱ्या हातांनी बेस कोट विसरू नये. हळद फिकट नेलपेंटला धरते आणि गडद लाल नेलपेंट खुद्द नखाला पिवळं करतं. बेस कोट नखाला वाचवतो. विटकरी रंगाची माझी आवड इथूनच आली असावी: फोडणी, कणीक, आमटीचा हात, काहीही झालं तरी तो रंग तसाच दिसतो.

०

आता अत्तरं. पहिला वाळा.

वाळा आपण आधी पितो आणि मग हुंगतो. माठात टाकलेली मुळांची जुडी, खिडकीला लावलेल्या ताट्यावरचा पाण्याचा शिडकावा, दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा आणि कचोऱ्याबरोबर कुटलेला वाळा. वासात ओली माती, थोडा धूर, थोडा कडूपणा. उत्तर भारतात तांब्याच्या भांड्यात काढलेलं खसचं शुद्ध तेल, ज्याला ‘रूह खस’ म्हणतात, हिरवट असतं; तो रंग तांब्याचा. फ्रान्समध्ये गेरलँ, कार्व्हेन अशा घराण्यांनी वाळ्यावर नितांत सुंदर परफ्यूम केले, पण ते पुरुषांचे म्हणून विकले. आमच्या घरी वाळा सगळ्यांचा. उन्हाळ्यात मनगटावर त्याचा एक थेंब लावला की कपाळावरचा ताण उतरतो, हा माझा अनुभव आहे आणि मी तो प्रत्येकीला सांगत असते.

०

कनौजचे कारागीर अत्तर काढतात त्याला देग-भपका म्हणतात. देग हे तांब्याचं मोठं भांडं. त्यात फुलं आणि पाणी भरायचं, झाकण मातीनं लिंपून बंद करायचं, खाली लाकूड-गोवऱ्यांची आच. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपकाही तांब्याचाच, लांब मानेचा, पाण्याच्या हौदात बुडवलेला. त्यात आधीच चंदनाचं तेल असतं. वाफ थंड होते, फुलाचा वास चंदनात मुरतो, पाणी वेगळं काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी फुलं, तेच चंदन. असं पुष्कळ दिवस चालतं. आच किती हवी हे कारागीर भपक्याला हात लावून ठरवतो. तयार अत्तर पूर्वी चामड्याच्या कुप्यांत ठेवत, म्हणजे उरलेलं पाणी चामड्यातून निघून जाई.

चंदन महाग झालं आणि पुष्कळांनी त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन आणलं. पॅराफिनमधलं अत्तर लावल्याबरोबर छान वाटतं, पण त्याला खालचा आधार नसतो. वरचा वास उडाला की कातडीवर नुसता तेलकटपणा राहतो. चंदनातलं अत्तर तासांमागून तास खाली खाली उतरत जातं. किंमत कितीतरी पटींनी जास्त असते आणि ती योग्य आहे. दहा स्वस्त कुप्यांपेक्षा पाव तोळा खरं अत्तर घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्यांनी मला एकदा मनगटावर काडी टेकवून सांगितलं, “ताई, आता हुंगू नका. घरी जा, भाजी-भाकरी करा, मग हुंगा. तेव्हाही आवडलं तर परवा या.” दुकानदारानं गिऱ्हाइकाला द्यावा असा यापेक्षा चांगला सल्ला मला माहीत नाही.

०

हिना. हे नाव ऐकून मेंदीच्या पानांचा वास डोक्यात येतो, पण अत्तरातला हिना तसा नाही. मेंदीच्या फुलांचं ‘गुल-हिना’ निराळं, हलकं, गोड. थंडीत लावतात तो हिना आणि त्याचा भाऊबंद शमामा म्हणजे जटामांसी, नागरमोथा, वेलदोडा, लवंग, केशर, कितीतरी मुळं आणि मसाले मिळून केलेलं गडद, उबदार मिश्रण. प्रत्येक घराण्याची यादी वेगळी आणि गुप्त. स्वेटरच्या बाहीला लागलेला हिना पुढच्या थंडीपर्यंत टिकतो. माझ्या सगळ्या आवडींत याचा नंबर पहिला.

नखावर मेंदी लावली तर तीही अशीच चिवट. तिच्यातला लॉसोन नावाचा रंग नखाच्या केराटिनला बांधला जातो, रिमूव्हरनं निघत नाही. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे मेंदीचा रंग पूर्ण निघून जायला सहा महिने. वजूच्या, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय-तोंड धुण्याच्या आधी नेलपेंट काढावं लागतं म्हणून पुष्कळ मुस्लिम बायका नखांना मेंदीच लावतात. तिचा थर बसत नाही, पाणी नखाला लागतं. पोलंडच्या इंग्लॉट कंपनीनं पाण्याची वाफ आरपार जाऊ देणारं नेलपेंट काढलं तेव्हा ते जगभरच्या मुस्लिम बायकांत एवढं चाललं ते याच कारणानं. तेवढ्यानं वजू होतो का, यावर मतं निरनिराळी आहेत.

०

केवडा मला सोसत नाही. गणपतीपुढे हवाच, पण अंगावर नको. ओडिशातल्या गंजम जिल्ह्यातली माणसं यावर रागावतील. त्यांच्याइतका केवडा देशात कुणी काढत नाही.

०

मिट्टी अत्तराबद्दल सगळे फार हळवं बोलतात. भाजलेल्या मातीचे तुकडे देगमध्ये घालून त्यांचा वास चंदनात उतरवतात, ही कल्पनाच इतकी सुंदर आहे की टीका करायला जीव धजत नाही. ऑस्ट्रेलियातले इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी कोरड्या मातीवर पडणाऱ्या पावसाच्या या वासाला १९६४ साली ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं जे रसायन बनवतात त्याचा यात मोठा वाटा, आणि माणसाचं नाक ते अगदी सूक्ष्म प्रमाणातही ओळखतं. कनौजला हे नाव माहीत असायचं कारण नव्हतं. वास मात्र कुपीत होता.

तरीही माझं नाक म्हणतं की तो पहिल्या पावसाचा वास नव्हे. तो नव्या माठातल्या पहिल्या पाण्याचा वास आहे. जांभ्या दगडावर, तापलेल्या कातळावर वळीव कोसळतो तेव्हा त्यात सुकलेलं गवत, शेणाचा सडा आणि आंब्याचा पाचोळा असतो, तो या कुपीत नाही. माठाचा वास म्हणून घेतलं तर मिट्टी अत्तर अप्रतिम आहे.

एर्मेसचा ‘पावसाळ्यानंतरची बाग’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावाचा परफ्यूम आहे, २००८ सालचा. झाँ-क्लोद एलेना यांनी केरळ पाहून तो केला. आलं, वेलदोडा, मिरी, वाळा, आणि सगळ्यावर ओलसर गारवा. कोकणात वाढलेल्या कुणालाही त्यात शेवाळ आणि कुजक्या पानांची उणीव भासेल. पण आलं असं हिरवं, कोवळं दुसऱ्या कुठल्या बाटलीत मला मिळालं नाही, म्हणून तो आवडतो.

०

फुलांपैकी सोनचाफ्याचा वास बाटलीत नीट उतरलेला मी अजून हुंगलेला नाही. दादरच्या फुलबाजारात पहाटे वसईकडून येणाऱ्या फुलांत जो थोडा चहासारखा, थोडा पिकल्या फळासारखा गोडवा असतो तो अत्तरात जड होतो. सुरंगीचंही तेच. वेंगुर्ला तालुक्यात आरवली-शिरोड्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी फांद्यांना थेट लगडलेल्या कळ्या काढतात, त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, होतात, उरलेल्या वाळवून विकतात. वाळली तरी सुरंगी वास सोडत नाही, बकुळही सोडत नाही. ज्यांना परफ्यूमनं शिंका येतात त्यांनी साड्यांच्या घडीत वाळलेली बकुळ ठेवावी. महाग परफ्यूमपेक्षा ती अधिक काळ साथ देते.

दवण्याबद्दल मात्र अभिमानानं लिहावं अशी स्थिती आहे. चैत्रात जोतिबाला वाहतात तो हा दवणा. त्याचं तेल दक्षिण भारतातून जगभरच्या परफ्यूम बनवणाऱ्यांकडे जातं. जर्दाळूचा मुरांबा, थोडं मद्य, खाली गवत, असा काहीसा वास. दर माणसाच्या कातडीवर तो वेगळा उमटतो असं परफ्यूमवाले सांगतात. आपल्या देवाच्या पायाशी जी जुडी सुकते, तिचंच तेल पॅरिसच्या बाटलीत असतं, हे जोतिबाच्या डोंगरावर जाणाऱ्या किती जणींना माहीत असेल?

०

लॅक्मे आणि निशिगंध यांचा एक जुना धागा आहे. १९५२ साली टाटा ऑइल मिल्सनं लॅक्मे सुरू केली ती रोबेर पिगे आणि रेन्वार या फ्रेंच कंपन्यांच्या सहकार्यानं. नाव आलं देलिबच्या १८८३ सालच्या ऑपेरावरून. लॅक्मे म्हणजे लक्ष्मी, त्या ऑपेरात ती एका पुजाऱ्याची मुलगी आहे आणि शेवटी धोतरा खाऊन मरते. रोबेर पिगेचाच १९४८ सालचा ‘फ्राका’ हा परफ्यूम जेर्मेन सेलिए या बाईंनी केला. त्या काळात या धंद्यात बायका जवळजवळ नव्हत्याच. फ्राका म्हणजे निशिगंध, लोण्यासारखा दाट निशिगंध. फ्रान्समध्ये तो मादक मानला गेला. मराठी नाकाला मात्र त्यात मंगल कार्यालय भेटतं: हार, व्यासपीठ, पंखे, जिलबी. तो लावून मी कधी बाहेर जात नाही, पण रविवारी दुपारी घरी लावते. मला त्यात बरं वाटतं.

‘शालिमार’ १९२५चा, मोगल बागेचं नाव घेतलेला, आणि त्यात मला आपलं काही जाणवत नाही. वर बर्गमॉट, खाली व्हॅनिला, धूर, कातडं. तरी तो मोठा परफ्यूम आहे. थंडीत, पैठणीवर.

०

एक गोष्ट मला कळकळीनं लिहायची आहे.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीच्या हाताच्या मागे अत्तराचं बोट लागे, गुलाबदाणीतून पाणी शिंपडलं जाई, हरभऱ्यांनी ओटी भरे, कैरीची डाळ आणि पन्हं मिळे. ती डाळ वाटायची माझी आत्या. ती ऐन पस्तिशीत विधवा झालेली, शाळेत शिकवणारी. वाटून झालं की ती माजघरातच थांबायची. अत्तर तिच्यापर्यंत यायचं नाही. तिच्या ट्रंकेत हिनाची एक लहान कुपी होती, हे आम्हा मुलींना माहीत होतं. ती ते रात्री लावायची.

एका वर्षी आईनं अत्तरदाणी घेतली, सरळ माजघरात गेली आणि म्हणाली, “वन्सं, हात पुढे करा.” बाहेर बसलेल्या बायकांपैकी दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. त्यानंतर आमच्या घरी आत्याच अत्तर लावायला बसू लागली, आणि निवृत्तीनंतर तिनं स्वतःच्या पैशानं लाल नेलपेंट आणलं. लालच. आम्ही फिकट शेड सुचवली तेव्हा म्हणाली, “फिकट कशाला? आता काढायचंय कुणासाठी?”

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं अशा प्रथा बंद केल्या. राज्य सरकारनंही त्याच महिन्यात इतर गावांना तसं आवाहन केलं. ठराव झाला म्हणजे सगळं बदललं असं नाही. पण अत्तराचं बोट पुढे करायला ठराव लागत नाही. ज्या घरात हळदीकुंकू होतं त्या प्रत्येक घरातल्या यजमानिणीला हे आजही करता येईल. रंग आणि वास यांची परवानगी नवऱ्याच्या असण्यावर अवलंबून ठेवणं हा अन्याय आहे. मी याहून सौम्य शब्द वापरणार नाही.

०

ऑपरेशनला किंवा तपासणीला जाताना नेलपेंट काढून जावं. बोटाला लावतात तो ऑक्सिमीटर नखातून प्रकाश सोडतो. गडद रंगामुळे आकडा चुकू शकतो. शिवाय नखाचा निळसरपणा डॉक्टरांना दिसायला हवा. परफ्यूमही त्या दिवशी नको. शेजारच्या खाटेवर दम्याचं माणूस असू शकतं.

लोकलमध्ये, बसमध्ये, गाण्याच्या मैफिलीत वास हातभर अंतराच्या आत राहावा. कानामागे एक थेंब, मनगटावर एक. कपड्यांवर फवाऱ्यांचा मारा करून निघालेली माणसं दुसऱ्यांच्या नाकावर हक्क सांगतात, आणि तो त्यांचा नाही.

०

परफ्यूम लग्नकार्यासाठी राखून ठेवण्याची आपली सवय मोडायला हवी. ऊन, उष्णता आणि बाटलीत शिरणारी हवा त्याला बिघडवते; लिंबूवर्गीय वास सगळ्यांत आधी जातात. बाथरूममधली फळी ही सर्वांत वाईट जागा, बंद कपाट सर्वांत चांगली. चंदनातलं अत्तर तेवढं याला अपवाद, ते जुनं होऊन मुरतं. बाकी सगळं रोज वापरा. बँकेत जाताना लावा, भाजी आणायला जाताना लावा, घरात एकट्या असाल तेव्हा तर नक्की लावा.

आणि पहिलंच अत्तर घेणार असाल तर होळीच्या आत वाळा घ्या. हिनासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबा; उन्हाळ्यात हुंगाल तर तो जड वाटेल आणि घ्यायचा राहून जाईल.